वंदना संपल्यानंतरचा धम्म: गृहस्थाच्या रोजच्या दिवसात शील, ध्यान आणि व्यवहार कसा बसवायचा

कोलिय कुळाच्या कक्करपत्त गावी दीघजाणू नावाचा गृहस्थ बुद्धांकडे आला. तो म्हणाला, आम्ही बायकापोरांच्या गराड्यात राहणारी माणसं. काशीचं चंदन लावतो, माळा घालतो, सोनंनाणं बाळगतो. आमच्यासारख्यांना उपयोगी पडेल असा धम्म सांगा. बुद्धांनी त्याला घर सोडायला सांगितलं नाही. कष्टाने कमवावं कसं, कमावलेलं राखावं कसं, सोबत कुणाची धरावी आणि जमाखर्चाचा मेळ कसा घालावा, हे आधी सांगितलं. श्रद्धा, शील, त्याग, प्रज्ञा हे त्यानंतर आलं. पालीतलं हे छोटंसं सुत्त, म्हणजे बुद्धांचा उपदेश, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझं किराणा दुकान सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि मला वाटलं, हा प्रश्न माझाच आहे.

आमच्या घरी बुद्धवंदना रोजची. त्रिशरण (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं) आणि पंचशील (हत्या, चोरी, व्यभिचार, खोटं आणि नशा यांपासून लांब राहण्याचे पाच पाठ) मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ. तरीही कितीतरी वर्षं वंदना संपली की धम्म घरीच राहायचा, आणि दुकानाचं शटर वर गेलं की माझ्यातला दुसराच माणूस कामाला लागायचा. बाबासाहेबांनी धम्माचा जो अर्थ सांगितला तो इथे आठवावा: एकटा माणूस असेल तर त्याला धम्माची गरज नाही, पण दोन माणसं एकत्र आली की धम्म हवाच. माझी ती दोन माणसं काउंटरच्या अल्याड आणि पल्याड उभी असतात. तुमची ऑफिसात, स्वयंपाकघरात, रिक्षात असतील. मी जे करून पाहिलं आणि जे टिकलं, ते क्रमाने लिहितो आहे.

पहिली पायरी: शीलं आपल्या बोलीत लिहून काढा

प्रत्येक शीलाच्या शेवटी ‘वेरमणी सिक्खापदं समादियामि’ येतं. वेरमणी म्हणजे लांब राहणं. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम, पाठ. समादियामि म्हणजे मी स्वीकारतो. म्हणजे आपण रोज म्हणतो ते इतकंच, की अमुक गोष्टीपासून लांब राहण्याचा पाठ मी घेतो आहे. पाठ चुकला तर विद्यार्थी पुन्हा गिरवतो. ‘आपल्याकडून शील पाळलं जात नाही, मग वंदना तरी कशाला’ असं म्हणून विहारात यायचं सोडलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांना हा शब्द कुणी नीट उलगडून सांगायला हवा होता.

आता एक वही घ्या. पाच शीलं तुमच्या कामाच्या भाषेत लिहा. माझ्या वहीत ‘अदिन्नादाना’ (न दिलेलं घेणं, म्हणजे चोरी) खाली असं आहे: डब्यात माल मोजताना डब्याचं वजन आधी वजा करीन. सुट्टे नाहीत म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात चॉकलेट कोंबणार नाही. लहान मूल सामान न्यायला आलं तर उरलेले पैसे त्याला मोजून दाखवून देईन. नोकरदार माणूस इथे ऑफिसचा वेळ लिहील, शिक्षक तपासायला घेतलेल्या वह्यांबद्दल लिहील. पाचव्या शीलात दारूचं नाव आहेच, पण त्यातला ‘पमादट्ठान’ हा शब्दही लक्षात घ्या. ज्याने बेसावधपणा येतो ती जागा, असा त्याचा अर्थ. मूळ शील नशेच्या पेयाबद्दल आहे, त्यात पळवाट शोधायची नाही. मी मात्र त्याच पानावर रात्री अंथरुणात पाहिला जाणारा मोबाइलही लिहिला आहे.

सगळं मिळून दीड पान पुरे. फार मोठं लिहिलं तर परत वाचलं जात नाही.

दुसरी पायरी: सकाळची वीस मिनिटं

ध्यानाबद्दल खूप बोललं जातं, म्हणून मी फक्त पद्धत सांगतो. घरात कुणी उठायच्या आधीची वेळ धरा. चटई किंवा जाड सतरंजी घडी करून बैठकीखाली घ्या, म्हणजे गुडघे खाली टेकतात. गुडघे साथ देत नसतील तर खुर्चीवर बसा, त्यात काही कमी नाही. पाठ ताठ, खांदे सैल, डोळे मिटलेले. त्रिशरण-पंचशील सावकाश म्हणा, मग नाकाशी आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्या. श्वास लांब असेल तर लांब आहे एवढं कळू द्या, आखूड असेल तर आखूड. तो मुद्दाम खोल ओढायचा नाही, रोखायचा नाही.

मन पळणार. माझं मन तर पहिल्याच मिनिटात उधारीच्या वहीकडे जायचं. गेलं हे लक्षात आलं की चिडू नका, श्वासाकडे परत या. वीस मिनिटांत हे पन्नास वेळा झालं तर पन्नास वेळा परत आलात, आणि सराव तोच आहे. शेवटची दोन मिनिटं मैत्रीसाठी ठेवा. आधी स्वतःचं, मग घरच्यांचं, मग आज ज्या माणसाशी गाठ पडणार आहे आणि जो नकोसा वाटतो त्याचं भलं होवो, असं मनात आणा. हा तिसरा भाग जड जातो. तो गाळू नका.

याच्या पुढे जायचं असेल तर शिकवणाऱ्याकडून शिका. इगतपुरीला धम्मगिरी १९७६ पासून सुरू आहे आणि तिथलं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर आता अनेक गावांतल्या केंद्रांवरही होतं. पहाटे चारला घंटा होते. पहिले तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष देणं, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना पाहणं, दिली जाते. मौन असतं, फोन आणि लिहिणं-वाचणं बंद. शुल्क नसतं, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. परत आल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. दुकान सांभाळून मला तो संध्याकाळचा तास साधला नाही. ती खंत आहे, पण सकाळची बैठक मी मोडू दिली नाही. एक सांगायलाच हवं: कुणाला तीव्र नैराश्य असेल, मानसिक आजाराची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला आणि शिबिराच्या अर्जातही ते मोकळेपणाने लिहा. ध्यान म्हणजे त्या औषधांना पर्याय, असं समजून कुणी गोळ्या बंद करू नयेत.

तिसरी पायरी: महिन्याला एकच शील, आणि सुरुवात चौथ्यापासून

पाचही शीलांवर एकदम लक्ष ठेवू गेलो की एकावरही राहत नाही. मी म्हणेन, मुसावादापासून, म्हणजे खोटं बोलण्याच्या शीलापासून सुरुवात करा. कारण साधं आहे. हत्या-चोरीची वेळ आपल्यातल्या बहुतेकांवर रोज येत नाही, पण बोलायची वेळ शंभरदा येते. सरावाला भरपूर संधी.

यासाठी बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलला, दिलेली शिकवण घ्या. राजगृहाजवळ अंबलट्ठिकेला राहुल राहत होता. बुद्ध आले, राहुलने पाय धुवायला पाणी ठेवलं. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात तळाला थोडंसं पाणी उरलं होतं. ते दाखवून बुद्ध म्हणाले, जाणूनबुजून खोटं बोलायची ज्याला लाज वाटत नाही, त्याचं श्रमणपण, म्हणजे संन्यासीपण, एवढंसंच उरलेलं असतं. मग ते पाणी फेकून दिलं, भांडं उपडं केलं, सुलटं करून रिकामं दाखवलं, आणि दर वेळी तेच सांगितलं. थट्टेतसुद्धा खोटं बोलणार नाही, असं शिकायला त्याला सांगितलं. त्यानंतर विचारलं, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसं काही करण्याआधी, करताना आणि करून झाल्यावर पाहायचं: यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही इजा होते का?

सम्राट अशोकाने बैराटजवळच्या भाब्रू लेखात भिक्षूंनी आणि उपासकांनीही वारंवार ऐकावेत म्हणून जे सात धम्मपाठ नावाने नोंदवले, त्यात राहुलला खोटं बोलण्यावर केलेला हा उपदेश आहे. बावीसशे वर्षांपूर्वी उपासकांसाठी काढलेल्या त्या यादीत तो आहे, म्हणून मीही तो आपल्यासाठीच आहे असं धरतो.

वापरायचा कसा? ‘आधी’ पाहणं सुरुवातीला जमत नाही, कारण तोंडातून शब्द निघून गेलेला असतो. म्हणून उलटीकडून चढा. पहिला आठवडा फक्त ‘नंतर’. रात्री गल्ला मोजून झाला की मी वहीत तीन ओळी लिहायचो: आज कुठे खोटं बोललो, कशासाठी बोललो, कुणाचं काय बिघडलं. पहिल्या आठवड्यातली माझी जवळपास सगळी खोटी वाक्यं एकाच जातीची निघाली. ‘रवा कालच आलाय.’ ‘साहेब, ह्या भावात मला काहीच सुटत नाही.’ फोनवर ठोक व्यापाऱ्याला, ‘पैसे निघालेत, माणूस रस्त्यात आहे.’ दुसऱ्या आठवड्यात हीच वाक्यं बोलता बोलता कानाला ऐकू यायला लागली. हे ‘करताना’ पाहणं. तिसऱ्या आठवड्यात एका बाईंनी विचारलं, ‘भाऊ, रवा ताजा आहे ना?’ तोंड उघडलं आणि क्षणभर थांबलो. म्हणालो, ‘ताई, पोतं फोडून पंधरा दिवस झालेत, चाळून घ्या. नवीन पोतं गुरुवारी येईल.’ त्यांनी अर्धा किलोऐवजी पाव किलो नेला. गुरुवारी परत आल्या.

त्या आल्या नसत्या तरी लिहिलं असतं. खरं बोललं की धंदा वाढतो असं मी कुणाला सांगणार नाही. कधी गिऱ्हाईक सरळ समोरच्या दुकानात जातं.

खरं बोलणं म्हणजे तोंडाला येईल ते फेकणं, असाही एक गैरसमज आहे. बुद्धांनी चांगल्या वाणीची पाच अंगं सांगितली: वेळेवर बोललेली, खरी, मृदू, हिताची आणि मैत्रीच्या मनाने बोललेली. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही पाठवण्याआधी ही पाच बोटं मोजून पाहा. माझे बरेच मेसेज ‘वेळेवर’पाशीच अडतात, आणि आलेले बरेच फॉरवर्ड ‘खरी’पाशी. तीन बोटं सापडली नाहीत तर मेसेज पुसून टाकतो.

चौथी पायरी: राग अंगात कुठे असतो ते पाहा

सकाळच्या वीस मिनिटांचा खरा उपयोग इथे होतो. फस्स, वेदना, तण्हा ही साखळी आपण ऐकलेली असते: स्पर्श झाला, संवेदना उठली, हवं-नको सुरू झालं. वेदना उठणं आपल्या हाती नाही. तिच्या मागून तोंड उघडायचं की नाही, तिथे थोडी फट मिळते.

एकदा माल उतरवून घेताना तेलाचे दोन डबे कमी निघाले आणि टेम्पोवाला माझ्याच अंगावर ओरडला, ‘मोजता येत नाही का?’ माझ्या कानशिलात उष्णता भरली, जबडा आवळला गेला, उजवा हात बिलाच्या कागदावर घट्ट झाला. मी हातावर लक्ष ठेवलं. बोटं सैल केली. दोन श्वास गेले असतील. मग म्हटलं, ‘या, दोघं मिळून परत मोजू.’ डबे टेम्पोतच ताडपत्रीखाली राहिले होते.

सूचना एवढीच: राग आला की त्याला मनात न शोधता अंगात शोधा. जबडा, छाती, पोट, हात. ती जागा सैल करा, दोन श्वास घ्या, मग बोला. बोलायचंच नाही, असा याचा अर्थ घेऊ नका. अन्याय झाला तर उभं राहून सांगायचं, तक्रार करायची, लढायचं. धम्म स्वीकारलेल्या आपल्या माणसांना ‘शांत राहा’ हा सल्ला गप्प बसवण्यासाठी खूपदा दिला गेला आहे, म्हणून हे ठळकपणे सांगतो. शांत मनाने सांगितलेली तक्रार मुद्द्याला धरून राहते, एवढाच माझा अनुभव.

कुणी शिव्याच दिल्या तर? अक्कोसक भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाने बुद्धांना शिव्या घातल्या तेव्हा बुद्धांनी विचारलं, तुझ्याकडे पाहुणे येतात, तू त्यांच्यापुढे जेवण ठेवतोस, त्यांनी ते घेतलं नाही तर ते कुणाचं? तो म्हणाला, माझंच. तशाच या शिव्या मी घेत नाही, त्या तुझ्याच, असं बुद्ध म्हणाले. ही गोष्ट मुलांनाही सांगा. माझ्या मुलीला ती शाळेत कामाला आली.

पाचवी पायरी: ताट

कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर (द्रोण हे धान्याचं मोठं माप) भात खायचा आणि जेवून धापा टाकत बुद्धांकडे यायचा. बुद्धांनी एक गाथा सांगितली: जो सजग राहून जेवणाचं माप ओळखतो त्याचे त्रास कमी होतात, अन्न सावकाश पचतं, आयुष्य राखलं जातं. राजाने एका तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणायला ठेवलं. हळूहळू राजा नाळीभर, म्हणजे त्याहून खूपच लहान मापाच्या, भातावर आला.

आपण एवढं करू: दिवसातलं एक जेवण टीव्ही-मोबाइलशिवाय. पहिले पाच घास न बोलता. दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधी एक श्वास थांबणं. बस.

सहावी पायरी: पैसा आणि धंदा

दीघजाणूला सांगितलेल्या चार गोष्टींतली चौथी समजीविता, म्हणजे आवक-जावक सारखी राखून जगणं. तिथे बुद्धांनी दाखला दिला आहे तो तराजू धरणाऱ्याचा: पारडं एवढं झुकलं, एवढं उचललं गेलं, हे त्याला कळतं. काट्यापुढे आयुष्य गेलेल्या माणसाला हा दाखला कसा भिडतो ते सांगता येणार नाही. जो मिळकतीपेक्षा जास्त उडवतो त्याला उंबर खाणारा म्हटलं आहे, म्हणजे झाड हलवून फळांचा सडा पाडायचा आणि खायची थोडीच. मिळकत असून कद्रूपणे जगणाऱ्याबद्दलही लोक बोलतात, की हा अनाथासारखा मरेल. दोन्ही टोकं चूक.

बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला सांगितलेला हिशोब अजून नेमका आहे. मिळकतीचे चार भाग करा. एक खर्चायला, दोन धंद्यात, चौथा अडचणीसाठी बाजूला. आज घरभाडं आणि शाळेची फी पाहता एका भागात संसार बसत नाही, माझाही नाही. मी चौथ्या भागापासून सुरुवात केली, तीही विसाव्या हिश्शाने. रोज रात्री गल्ल्यातून आधी ते पैसे वेगळे डब्यात, मग बाकीचं. साथीच्या काळात दुकान बंद राहिलं तेव्हा त्या डब्याने घर चाललं.

आणि काय विकायचं, हाही प्रश्न आहेच. उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रं, जिवंत प्राणी व माणसं, मांस, नशेचे पदार्थ, विष. मी तंबाखूच्या पुड्या आणि सिगारेट बंद केल्या. सकाळचं गिऱ्हाईक तुटलं, ते अजूनही भरून आलेलं नाही. उंदरांसाठी पिंजरा ठेवतो, विषारी वड्या ठेवत नाही. नोकरी करणाऱ्याला असं एका दिवसात ठरवता येत नाही, हे मला समजतं. पण आपल्या कामातला कोणता भाग दुसऱ्याचं नुकसान करतो, ते वहीत लिहून ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

सातवी पायरी: हाताखालची माणसं

सिगाल रोज पहाटे ओल्या कपड्यांनी सहा दिशांना हात जोडायचा, कारण वडिलांनी मरताना तसं सांगितलं होतं. बुद्धांनी त्या दिशांना माणसं दिली. पूर्वेला आईवडील, दक्षिणेला शिक्षक, पश्चिमेला पत्नी, उत्तरेला मित्र, वरच्या दिशेला श्रमण-ब्राह्मण, आणि पायाखालच्या दिशेला कामाला असलेली माणसं. नातं दोन्ही बाजूंनी आहे. पत्नीबद्दलच्या पाच कर्तव्यांत घरातला अधिकार तिच्या हाती सोपवणं हेही आहे, आणि अडीच हजार वर्षांपूर्वीच्या उपदेशात ते वाचून मला आपल्या घराकडे पाहावं लागलं.

पण मला थांबायचं आहे ते खालच्या दिशेपाशी. मालकाने पाच गोष्टी करायच्या: ताकदीप्रमाणे काम द्यायचं, जेवण आणि वेतन द्यायचं, आजारपणात काळजी घ्यायची, गोडधोड असेल त्यात वाटा द्यायचा, वेळच्या वेळी सुट्टी द्यायची. घरी धुण्याभांड्याला बाई येत असतील तर ही पाच वाक्यं आजच त्यांच्याबाबतीत तपासा. आजारी पडल्या तर पगार कापतो का? सणाला त्यांना ताजं देतो की दुसऱ्या दिवशीचं उरलेलं? आठवड्याची सुट्टी ठरलेली आहे, की दर वेळी मागावी लागते?

माझ्याकडे दुकानात एक मुलगा होता, वीस-बावीसचा. पन्नास किलोची पोती तो एकटा उतरवायचा आणि मला ते त्याचं काम वाटायचं. ‘ताकदीप्रमाणे’ हा शब्द वाचल्यावर मी एकदा त्याच्यासोबत पोतं धरलं. तेव्हा कळलं की त्याची कंबर दोन महिने दुखत होती आणि त्याने सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर काम जाईल. त्यानंतर तीस किलोच्या वरचं पोतं दोघांनी धरायचं असं ठरलं, हातगाडी घेतली आणि मंगळवार त्याची पगारी सुट्टी झाली. हे मी खूप उशिरा केलं.

आठवी पायरी: पौर्णिमेचा उपोसथ

उपोसथ म्हणजे जास्तीची शीलं पाळण्याचा दिवस. महिन्यातला असा एक दिवस वेगळा काढा. पौर्णिमा सोपी, कारण त्या दिवशी विहारात वंदनेला माणसं असतात. पंचशीलाऐवजी अष्टशील घ्यायचं: त्यात ब्रह्मचर्य येतं, आणि दुपारी बारानंतर न जेवणं, नाचगाणं-करमणूक व साजशृंगार टाळणं, उंच-आलिशान बिछाना टाळणं या तिघांची भर पडते. दुकान चालू ठेवूनही मी हे करतो, साडेअकराला जेवतो, संध्याकाळी पाणी किंवा सरबत घेतो. मधुमेह असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी, औषधं चालू असणाऱ्यांनी जेवणाचा नियम सोडून बाकी सात पाळावेत.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे वर्षावासाचे, म्हणजे भिक्षू पावसाळ्यात एका जागी राहतात ते, तीन महिने नवीन सवय लावायला सगळ्यात चांगले. विहारात बाबासाहेबांच्या ग्रंथाचं वाचन चालू असतं, वस्तीत वातावरण असतं. महिन्याला एक याप्रमाणे तीन शीलं या काळात पक्की होतात.

नववी पायरी: सोबत

बुद्धांचा शिष्य आनंद एकदा म्हणाला, कल्याणमित्र, म्हणजे चांगल्या मार्गाला नेणारा सोबती, मिळणं म्हणजे अर्धं ब्रह्मचर्य (इथे अर्थ धम्माचं जीवन) झालं. बुद्ध म्हणाले, असं म्हणू नकोस, ते पूर्णच आहे. राहुलच्या उपदेशातही बोलण्या-वागण्यात चूक झाली तर ती शहाण्या सोबत्यापाशी उघड करायला सांगितली आहे.

आमच्या विहारात रविवारची वंदना झाली की आम्ही पाच जण मागच्या बाकावर पंधरा मिनिटं बसतो. एक रिक्षा चालवतो, एक निवृत्त शिक्षिका, एक नर्स, एक कॉलेजात शिकणारा मुलगा आणि मी. नियम दोनच. आठवड्यात कुठे पाय घसरला ते प्रत्येकाने एका प्रसंगातून सांगायचं, आणि विचारल्याशिवाय कुणी सल्ला द्यायचा नाही. एवढी माणसं नसतील तर दोघं पुरतात, तेही फोनवर चालतं. गेल्या महिन्यात रिक्षावाल्या मित्राने सांगितलं, की रात्री एका म्हाताऱ्या बाईंचं जवळचं भाडं नाकारलं आणि घरी गेल्यावर झोप लागली नाही. कुणी काही बोललं नाही. पुढच्या रविवारी त्याने सांगितलं, की आता रात्रीची शेवटची फेरी तो दवाखान्याच्या फाटकापासून घेतो आणि कुठलंही भाडं नाकारत नाही. मग माझी पाळी आली. मी वही उघडली आणि गुरुवारची ओळ वाचून दाखवली.